अमळनेर : शिकण्यासाठी राहावे असे गाव आहे का? तीन वर्षांच्या मुक्कामानंतरचे परीक्षण

बारावीचा निकाल लागला की आमच्या शिंदखेडा तालुक्यात घरोघरी एकच खल सुरू होतो : पोराला किंवा पोरीला आता कुठे घालायचे? धुळे जवळ आहे, जळगावला विद्यापीठ आहे, नाशिक आणि पुण्याचे नाव मोठे आहे. या यादीत जळगाव जिल्ह्यातले अमळनेर बहुधा शेवटी येते आणि तेही "गाडीने जाऊन-येऊन करता येईल" एवढ्याच कारणासाठी. 2022 च्या जुलैत मीसुद्धा याच कारणाने येथे प्रवेश घेतला आणि 2025 च्या उन्हाळ्यात कला शाखेची पदवी घेऊन घरी परतले. पहिले सहा महिने रेल्वेने अपडाऊन केले, पुढची अडीच वर्षे भाड्याच्या खोलीत काढली, दोन खाणावळींत जेवले आणि गावाच्या बऱ्याच गल्ल्या पायी पालथ्या घातल्या. या गावाविषयी विद्यार्थ्याच्या सोयीने लिहिलेले मला तेव्हा काहीच वाचायला मिळाले नव्हते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगते. अमळनेर हे गिरणीचे गाव होते आणि ती जुनी गिरणी बंद पडून बराच काळ लोटला आहे. परंतु गिरणीच्या मालकाने शिक्षणावर जो पैसा लावला त्यातून उभ्या राहिलेल्या संस्था आजही चालू आहेत, आणि विद्यार्थ्याला या गावात जे काही मिळते ते मुख्यतः त्यांच्यामुळे मिळते. हे ठाऊक नसताना येणारा विद्यार्थी खोली, खाणावळ आणि वर्ग या तीन ठिकाणांतच फिरत राहतो आणि अर्धे गाव न वापरताच परत जातो. माझे पहिले वर्ष असेच वाया गेले.

शेठ मोतीलाल माणेकचंद यांना सारा खानदेश प्रतापशेठ म्हणून ओळखतो. बोरी नदीच्या काठावरच्या या गावाला सुरत-भुसावळ लोहमार्गाने बाजारपेठांशी जोडले, भोवतालच्या काळ्या रानात कापूस मुबलक होता आणि त्या बळावर प्रताप मिल उभी राहिली. गिरणीमुळे गावात कामगार आले, व्यापारी आले, आणि गुजराती, मारवाडी, उर्दू बोलणारी घरे अहिराणी बोलणाऱ्या घरांच्या शेजारी वसली. 1916 साली प्रतापशेठ यांच्याच आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले आणि 1945 साली प्रताप महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी 29 डिसेंबरला महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाच्या धंद्यासाठी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना अमळनेरात घातला. तिचे नाव पुढे आखडून 'विप्रो' झाले, हे आता शाळेतली मुलेही सांगतात. बाहेरगावच्या विद्यार्थ्याला मात्र संगणकाच्या क्षेत्रातले हे नाव आणि बोरीकाठचे हे गाव यांचा संबंध सांगितल्यावर पहिल्यांदा खरा वाटत नाही. माझ्या वर्गातल्या दोघींनी तर तो आधी शोधून पाहिला आणि मगच मान्य केला.

आता खोलीकडे वळते, कारण पालक पहिला प्रश्न तोच विचारतात. तिघींनी मिळून घेतलेल्या एका खोलीसाठी प्रत्येकीला महिना 1,300 रुपये पडत आणि अनामत म्हणून एका महिन्याचे भाडे आगाऊ द्यावे लागे. नाशिकला शिकणारी माझी आतेबहीण एका खाटेसाठी जे भाडे भरत होती, ते आमच्या तिघींच्या एकूण भाड्याएवढे होते, एवढ्यावरून स्वस्ताईची कल्पना यावी. खोली निवडताना मी मोठी चूक केली, ती इतरांनी करू नये. खिडकी, पंखा, दाराची कडी हे सारे मी पाहिले, पण पाण्याची टाकी किती मोठी आहे आणि नळाला किती दिवसांनी पाणी येते, हे विचारलेच नाही. आमच्या पहिल्या खोलीच्या गल्लीत पाणी रोज येत नसे आणि वरच्या मजल्यावर ते चढतही नसे, त्यामुळे मार्च उजाडल्यापासून आम्ही तिघी आळीपाळीने खालून बादल्या वाहत होतो. खोली सोडताना घरमालकांनी भिंतीला मारलेल्या खिळ्यांचे कारण सांगून अनामतीतला बराचसा भाग कापून घेतला. दुसऱ्या खोलीच्या वेळी मात्र आम्ही आधी गच्चीवर जाऊन टाकी पाहिली, शेजारच्या घरी पाण्याचे वार विचारले आणि मगच पैसे दिले. तेथे अडीच वर्षांपैकी उरलेला सारा काळ सुखाने गेला. एप्रिल आणि मे महिन्यांत पारा चाळिशीच्या बराच पुढे जातो, तेव्हा पत्र्याच्या छताखालची खोली कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. वार्षिक परीक्षा नेमकी त्याच दिवसांत येते.

खाणावळीविषयी मला अधिक लिहायचे आहे, कारण घर सोडून राहिलेल्या मुलीचे मन ताटाने टिकते. पहिली खाणावळ आम्ही जवळ आहे म्हणून लावली होती. तेथे सोमवारची वाटाण्याची भाजी आणि बुधवारची मटकी यांची तर्री एकाच पातेल्यातली असे, वर लाल तेलाचा थर तरंगत असे आणि पोळ्या दुपारच्याच रात्री गरम करून वाढल्या जात. शनिवार-रविवार गावी गेल्याचे खाडे महिन्याच्या हिशेबात धरले जात नसत. तोंडी कबूल केलेली ही सवलत महिनाअखेरीस नाकारली गेली, आणि त्यावरून आम्ही तिसऱ्याच महिन्यात ती सोडली.

दुसरी खाणावळ म्हणजे एका काकूंचे घर होते. पुढच्या खोलीत सतरंजी अंथरून एका वेळी बारा जणींची पंगत बसे आणि दोन्ही वेळच्या जेवणाचे महिन्याला 2,400 रुपये होत. काकूंचे सासरे गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, कामाला होते. गिरणी चालू असताना त्यांच्या सासूबाई पाळीवरच्या कामगारांना डबे पोचवत असत आणि गिरणी गेल्यावर घर चालवण्यासाठी त्याच चुलीवर विद्यार्थ्यांचा स्वयंपाक सुरू झाला. ही हकिकत काकू अगदी सहज सांगत, पण मला ती या गावाच्या अर्थकारणाचा नेमका पत्ता वाटते : भोंग्याच्या वेळेवर चालणाऱ्या चुली आता महाविद्यालयाच्या तासिकांच्या वेळेवर चालतात.

काकूंकडे सकाळी पोळी, एक रस्सा, एक कोरडी भाजी आणि वरण-भात असे, तर रात्री दादरची भाकरी. दादर ही आमच्याकडची रब्बीची ज्वारी आहे. तिची भाकरी पांढरीशुभ्र आणि गोडसर होते व थंड झाली तरी चिवट होत नाही. ज्यांनी फक्त संकरित ज्वारीची भाकरी खाल्ली आहे त्यांना हा फरक पहिल्याच घासाला कळतो. गुरुवारी शेवभाजी असे. शेवभाजीत शेव आधीच रश्श्यात टाकून ठेवली की तिचा लगदा होतो, म्हणून काकू भाजलेला कांदा-खोबरे आणि काळ्या मसाल्याचा रस्सा उकळता ठेवत आणि मुलगी ताटावर बसली की मगच वाटीत मूठभर जाड शेव घालून वरून रस्सा ओतत. महिन्यातून एका रविवारी वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची भाजी होई. हिवाळ्यात हिरव्या भरताची वांगी बाजारात आली की ती कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजून, लाकडी बडगीत हिरवी मिरची, लसूण यांच्यासह ठेचून भरीत होई आणि सोबत कळण्याची भाकरी असे. उडीद आणि ज्वारी एकत्र दळलेल्या त्या भाकरीबरोबर कच्च्या कांद्याची पात आली की त्या रात्री पंगतीत कोणी बोलत नसे. श्रावणात कानबाई या खानदेशी देवीच्या सणाला काकूंकडे रोट, म्हणजे नैवेद्याचे जेवण, असे आणि त्या दिवसांत गावी जाऊ न शकलेल्या मुलींना काकू घरच्या मुलींप्रमाणे बसवून गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी आणि खीर वाढत. उणे काढायचेच तर तिखटाचे प्रमाण काढावे लागेल : कोकणातून आलेल्या एका मैत्रिणीला पहिला महिनाभर ताक घेतल्याशिवाय जेवण उतरत नव्हते.

खोलीत आम्ही तिघी होतो. मी अहिराणी बोलणारी, दुसरी चोपडा तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याची, घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारी, आणि तिसरी पारोळ्याची, घरी उर्दू बोलणारी. वर्गात आम्ही तिघीही पुस्तकी मराठीत उत्तरे लिहीत असू आणि तिघींनाही ती आपापल्या घरच्या भाषेतून उचलून आणावी लागे, हे ध्यानात आल्यावर आमच्यातले बरेच अंतर मिटले. अमळनेरच्या बाजारात "कथाईन उनी वं माय?" (कुठून आलीस गं बाई?) असे अहिराणीत विचारणारी भाजीवाली भेटते, तिच्या शेजारचा दुकानदार गिऱ्हाइकाशी गुजरातीत बोलतो आणि चहाच्या टपरीवर उर्दू ऐकू येते. मोठ्या शहरात हे सारे असतेच; येथे मात्र गाव आटोपशीर असल्यामुळे ही माणसे रोज त्याच रस्त्यावर पुन्हा भेटतात आणि ओळख होते. माझ्या पावरी मैत्रिणीला पहिल्या वर्षी तिच्या बोलण्यावरून हसणाऱ्या मुलीही वर्गात होत्या, हे मी लपवणार नाही. तिने तिसऱ्या वर्षी स्नेहसंमेलनात पावरी गीत म्हटले तेव्हा त्यांतल्याच दोघी तिच्या मागे कोरसला उभ्या होत्या.

आता या गावातले सर्वांत मोलाचे स्थळ. तत्त्वज्ञान मंदिर हे नाव ऐकून मी पहिले वर्षभर ते एखादे देऊळ असावे असे समजत होते. प्रत्यक्षात ती तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी काढलेली संशोधन संस्था आहे आणि आता तेथे विद्यापीठाचे प्रताप तत्त्वज्ञान केंद्र चालते. विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती द्यायची, राहायला जागा द्यायची आणि परीक्षेची घाई न लावता विचार करू द्यायचा, अशी ती मूळ योजना होती. घनश्यामदास मलकानी यांनी दीर्घकाळ तिची धुरा वाहिली, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांच्यासारखे अभ्यासक येथे राहिले, आणि 1930 च्या दशकात कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखा पहिल्या प्रतीचा तत्त्वज्ञ काही वर्षे या संस्थेचा संचालक होता. तत्त्वज्ञानाला वाहिलेले इंग्रजी त्रैमासिक येथून अनेक वर्षे निघत असे. आमच्या तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात ज्यांची नावे कलकत्ता आणि बनारसच्या संदर्भात येतात ती माणसे आपण रोज ओलांडतो त्या रस्त्यांनी चालली होती, हे आमच्या प्राध्यापकांनी दुसऱ्या वर्षी सांगितले तेव्हा मी त्याच संध्याकाळी तेथे गेले. पुढे परीक्षेच्या आधीचे कित्येक दिवस मी त्या परिसरात वाचत बसले. पर्यटकासाठी येथे पाहण्यासारखे थोडे आहे, फलक मोजके आहेत आणि माहिती सांगणारे कोणी हाताशी असेलच असे नाही. म्हणून थोडे वाचून जावे आणि शांतपणे बसण्याच्या तयारीने जावे. ज्याला तासाभरात छायाचित्रे काढून निघायचे आहे, त्याने येथे न जाणेच बरे.

साने गुरुजी प्रथम याच तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला आले होते आणि मग 1924 ते 1930 या काळात येथील शाळेत शिक्षक झाले. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि त्या मुलांसाठी ते हाताने लिहिलेले दैनिक काढत. आज भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला हे वाचून हेवा वाटतो. आमच्या वाट्याला घरमालकांचे नियम आले. रात्री उशिरापर्यंत जागून आपल्यासाठी चार पाने लिहिणारा गृहपाल कोणाच्या वाट्याला येतो? गावात गुरुजींच्या नावाचे ग्रंथालय आणि मोफत वाचनालय आहे. सकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलाशी स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले आणि निवृत्त मंडळी यांची सारखीच गर्दी असते. स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी भरलेल्या खासगी अभ्यासिकाही गावात आहेत. त्यांपैकी मी लावलेल्या अभ्यासिकेत जागा ठरलेली होती, दिवे बरे होते, पण मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह नव्हते, आणि ते तीनदा सांगूनही झाले नाही. प्रवेश घेण्यापूर्वी मुलींनी ही एक गोष्ट स्वतः पाहावी. रात्री नऊपर्यंत वर्दळीच्या रस्त्यांनी परतताना मला कधी त्रास झाला नाही. नदीकडच्या सुनसान वाटांनी मात्र आम्ही एकट्या जात नसू.

माझ्या मुक्कामातला सर्वांत मोठा प्रसंग 2024 च्या फेब्रुवारीतला. 2, 3 आणि 4 तारखेला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे 97 वे अधिवेशन रवींद्र शोभणे यांच्या अध्यक्षतेखाली अमळनेरात भरले. यापूर्वी 1952 साली कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखालचे संमेलन येथे झाले होते, म्हणजे तब्बल 72 वर्षांनी ही संधी गावाला मिळाली. त्याच दिवसांत विद्रोही साहित्य संमेलनही याच गावात भरले होते. सकाळी एका मंडपात परिसंवाद ऐकायचा आणि दुपारी दुसरीकडे जाऊन अगदी निराळ्या बाजूने मांडलेली भूमिका ऐकायची, अशी सोय विद्यार्थ्याला एरवी कधी मिळते? मी खाणावळीचे पैसे वाचवून ठेवलेले 900 रुपये पुस्तकांच्या दालनात खर्च केले आणि एका कविसंमेलनात अहिराणी कविता माईकवरून ऐकली. घरी आजी बोलते ती भाषा एवढ्या मोठ्या सभेत टाळ्या घेते, हे मी आधी पाहिले नव्हते.

वैशाखातली संत सखाराम महाराजांची यात्रा ही गावाची खरी जत्रा. महाराजांची समाधी बोरीच्या पात्रात आहे, उन्हाळ्यात ते पात्र कोरडे असते आणि तेथेच दुकाने, पाळणे आणि खेळण्यांची गर्दी मांडली जाते. वैशाख शुद्ध एकादशीला रथ निघतो आणि पौर्णिमेला पालखी. परीक्षेचे वेळापत्रक यात्रेच्या आड येते ही दरवर्षीची तक्रार आहे, तरीही रथाच्या संध्याकाळी पुस्तक मिटून जावेच. मंगळ ग्रह मंदिरामुळे मंगळवारी बाहेरगावच्या भाविकांची रीघ लागते. देशात मंगळाची देवळे मोजकीच असल्याने लोक दूरवरून येतात. मंदिराचा परिसर स्वच्छ आणि हिरवा आहे, परंतु विद्यार्थ्याने तेथे इतर वारी जावे, कारण मंगळवारी रिक्षा मिळत नाही.

सुट्टीच्या दिवशी जवळपास जाण्यासारखी ठिकाणे पुरेशी आहेत. पारोळ्याचा भुईकोट किल्ला अर्ध्या दिवसात पाहून होतो; तापी आणि पांझरा यांच्या संगमावरचे कपिलेश्वर मंदिर पावसाळा संपल्यावर पाहावे; जळगावचे गांधी तीर्थ आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ यांसाठी प्रत्येकी एक पूर्ण दिवस ठेवावा. चित्रपट, मोठी दुकाने, फिरायला चकचकीत जागा यांची अपेक्षा ठेवून येथे येऊ नये. त्यासाठी जळगावची गाडी धरावी लागते आणि परतीच्या गाडीच्या वेळेने संध्याकाळ लवकर आटोपती घ्यावी लागते.

अपडाऊन करणाऱ्यांसाठी एक सूचना. पासाचा खर्च अगदी थोडा आहे, पण रोजचे तीन-साडेतीन तास जातात आणि सकाळची पहिली तासिका नेहमी अर्धी बुडते. माझ्या पहिल्या सत्रातले गुण त्यामुळे खाली आले. घरची ओढ आणि पैशाची अडचण मला समजते, तरी दोन स्थानकांपेक्षा लांबून येणाऱ्याने शक्य असेल तर खोलीच करावी.

कोणी यावे आणि कोणी येऊ नये, हे स्पष्ट सांगते. वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी प्रवेशाच्या शिकवण्यांसाठी यायचे असेल तर अमळनेर त्यासाठी नाही. पदवीनंतर येथेच नोकरी लागेल या आशेनेही येऊ नये. आमच्या वर्गातल्या नोकरी मिळालेल्या सगळ्यांना गाव सोडावे लागले. परंतु भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान वाचायचे असेल, मूळ विज्ञान शाखेची पदवी शांतपणे घ्यायची असेल, किंवा घरची परिस्थिती बेताची असून महिन्याचा सारा खर्च 5,000 रुपयांच्या आत बसवायचा असेल, तर खानदेशात मला याहून बरे गाव सुचवता येत नाही. पाच तारे द्यायचे असतील तर मी चार देईन आणि पाचवा पाण्यासाठी राखून ठेवीन.

खोल्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास रिकाम्या होतात, कारण शेवटच्या वर्षाच्या मुली सणाला गावी जाताना सामान घेऊनच निघतात. चांगली खोली हवी असेल तर निकालाची वाट न पाहता त्याच आठवड्यात एक फेरी मारावी. माझ्या धाकट्या चुलत बहिणीसाठी मी यंदा तशी फेरी मारली. आमची जुनी खोली मोकळी होती, टाकी भरलेली होती, आणि काकूंनी जूनपासून पंगतीत तिची एक जागा धरून ठेवली आहे.